मधल्या काळात कुठे होतात?

नलूताई माणसाचा अर्ज खालून वर वाचायची. नाव, पत्ता, शिक्षण यांत तिला रस नसे. सगळ्यात जुन्या नोकरीपासून सुरुवात करून ती बोट हळूहळू वर सरकवत न्यायची आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा जिथे जुळत नसत तिथे थांबवायची. मग चष्म्यावरून समोरच्याकडे बघून, चहात साखर किती हे विचारावं तशा आवाजात विचारायची, "आणि मधल्या काळात कुठे होतात?"

या प्रश्नापुढे भलेभले गडबडलेले मी पाहिलेत. एका सहाफुटी माजी सैनिकाने टाय सैल करून पाणी मागितलं होतं. नलूताईने त्याला पाणी दिलं, वर बिस्किटही दिलं, आणि त्याचं पिऊन होईपर्यंत बोट तिथेच ठेवलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "माणूस सहसा खोटं बोलत नाही रे दत्ता. खोटं बोलायला कष्ट पडतात. तो नुसते महिने गाळतो."

मी या बाईवर आजही रागावलेलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागलो तर कोणी फसू नये.

लंडनच्या हाउन्सलो भागात एका गालिच्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. धंदा खाजगी तपासाचा. पण सिनेमातल्यासारखं तिथे काही नव्हतं. कोर्टाचे कागद लोकांच्या हातात नेऊन द्यायचे, न सांगता घर सोडून गेलेल्याचा नवा पत्ता काढायचा, पाठ मोडली म्हणून विम्याकडे भरपाई मागणारा माणूस बागेत फरशा उचलतो का, ते गाडीत बसून बघायचं. मालक ग्रॅहम हा निवृत्त पोलीस. शांत, जाडजूड, सतत काहीतरी खाणारा. आणि आमच्याकडे काम मागायला येणाऱ्या प्रत्येकाची पूर्वीची सगळी हकीकत तपासण्याचं काम नलिनी कारखानीस यांच्याकडे, म्हणजे नलूताईकडे. ती मूळची ठाण्याची. नवरा विमानतळावर नोकरीला होता, तो गेल्यावर तिने हे काम धरलं. मूलबाळ नव्हतं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. खाजगी तपास करणाऱ्यांना सरकारी लायसन लागेल, असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. क्लबच्या दारावरचे बाउन्सर, गोदामांवरचे गार्ड यांना ते बघता बघता लागूही झालं. आमची पाळी मात्र दरवेळी पुढच्या वर्षी. ग्रॅहम म्हणायचा, येईल तेव्हा बघू. नलूताई मात्र उद्या सकाळी इन्स्पेक्टर जिना चढून येणार असल्यासारखी वागायची. अर्जदाराचं पोलीस रेकॉर्ड, राहिलेले सगळे पत्ते, प्रत्येक नोकरी, आणि ज्या काळात नोकरी नव्हती त्या काळासाठी त्याला ओळखणारा कोणीतरी बाहेरचा माणूस. नात्यातला चालायचा नाही. "कायदा आला की मग धावपळ नको," हे तिचं पालुपद.

अर्जावर दिलेला फोन नंबर ती कधी लावत नसे. कंपनीचा नंबर स्वतः शोधायची आणि तोच लावायची. एकदा एका मराठी मुलाच्या अर्जावरची कंपनी शोधली तर ती केव्हाच बंद पडलेली. मग मात्र तिने गंमत म्हणून अर्जावरचा नंबर फिरवला आणि मला हाताने खूण करून फोनचा स्पीकर लावला. पलीकडे एक बाई भारदस्त इंग्रजीत त्या मुलाच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलत होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली. बाई बोलत राहिल्या. दुसरी झाली. तिसरीला नलूताई मराठीत म्हणाली, "अहो, गॅस बंद करा आता, डाळीचा पार गाळ होईल."

"अगंबाई, हो हो!" म्हणत बाई धावल्याचं आम्हांला स्पष्ट ऐकू आलं.

मी टेबलावर डोकं ठेवून हसत होतो. नलूताईने मात्र त्या मुलाला बोलावून घेतलं, फोनवरची बाई त्याची मामी असल्याचं काढून घेतलं, खऱ्या दोन माणसांची नावं घेऊन यायला सांगितलं आणि जाताना दटावलं, "मामीला यात ओढू नकोस. चांगलं बोलतात त्या, पण स्वयंपाकाकडे लक्ष असू दे त्यांचं."

ती नुसती पकडायला बसलेली नव्हती, हे मला मान्य करावंच लागेल. नागपूरचा एक माणूस आला होता. कॉम्प्युटरवाला, मोठ्या कंपनीतला. कंपनीने माणसं काढली त्यात हा गेला. पुढचे कित्येक महिने अर्जावर कोरे. बोट थांबलं, प्रश्न आला. त्याने खाली बघत सांगितलं की नोकरी गेल्याचं बायकोला कळू नये म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि लायब्ररीत जाऊन बसायचा. "याला साक्षीदार कोण असणार, मॅडम?" तो म्हणाला. "मी तर कोणी बघू नये म्हणूनच तिथे बसत होतो."

नलूताई दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेली. काउंटरवरच्या बाईला तो पक्का आठवत होता. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरजवळची खुर्ची, पेपर वाचून झाला की घडी घालून जागेवर ठेवणारा, एकच माणूस. तिने ते आनंदाने लिहून दिलं. त्या माणसाला बातमी सांगताना नलूताई म्हणाली, "बघा, दिसत होतात तुम्ही." तो रडायला लागला आणि ग्रॅहमने घाईघाईने त्याच्यापुढे स्वतःचा केक सरकवला.

लोकांच्या मोकळ्या जागा भरायला ही बाई अशी पायपीट करायची. म्हणून तर माझा राग आहे.

माझी आणि तिची ओळख या ऑफिसच्या आधीची. मी मिरजेचा. एका नातेवाइकाच्या भरवशावर या देशात आलो. पासपोर्टातले शिक्के सगळे ठीक होते, नातेवाईक तेवढा ठीक नव्हता. त्याने लवकरच घराबाहेर काढलं. मग एका म्हाताऱ्या गुजराती माणसाच्या भाजीच्या स्टॉलवर उभा राहिलो. रविवारचा उघडा बाजार, रोख मजुरी, कागद कसलाच नाही. माझं भांडवल म्हणजे आवाज. मी ओरडलो की बाजाराच्या दुसऱ्या टोकाची गिऱ्हाइकं वळून बघायची.

नलूताई दर रविवारी कोथिंबिरीला यायची आणि घासाघीस करायची. मीही काही कमी नव्हतो. एका जुडीवरून आमचं इतकं चालायचं की मागची रांग वैतागायची. एकदा मी तापाने दोन रविवार आलो नाही. तिसऱ्या रविवारी तिने जुडी उचलली, भाव विचारलाच नाही. म्हणाली, "मधे कुठे होतास?"

या देशात हे मला विचारणारी ती पहिली.

पुढे म्हातारा वारला, स्टॉल उठला. तेव्हा तीच म्हणाली, "आमच्याकडे ये. समोरचा माणूस किती भावाला तुटेल हे तुला तोंड बघून कळतं. ग्रॅहमला असाच माणूस हवाय." अशा रीतीने मी तपासाच्या धंद्यात आलो. त्याच वर्षी दिवाळीत तिने मला घरी बोलावलं. तिचा सख्खा भाऊ ठाण्याला वारला होता, त्यानंतरची पहिली भाऊबीज. ग्रॅहमलाही फराळाला बोलावलं होतं. तिने पाट मांडला, निरांजन लावलं, मला टिळा लावला आणि ओवाळायला सुरुवात करते तोच छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला. एका हातात तबक धरून ती तशीच ओवाळत राहिली आणि ग्रॅहम खुर्चीवर चढून टॉवेलने धूर हाकलत राहिला. आवाज थांबल्यावर घाम पुसत त्याने विचारलं, "आता हा तुझा भाऊ झाला का?"

"झाला," नलूताई म्हणाली. "कायद्याने."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आता ते अहो-जाहो बंद. सख्ख्या बहिणीला कोणी अहो म्हणतं का?" ओवाळणीत मी साडी नेली होती, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. साडी तिने बाजूला ठेवली आणि जुडी वास घेऊन बघितली. पुढे दर भाऊबीजेला जुडी न्यायचीच, असा रिवाज पडला.

काही वर्षांनी ग्रॅहमने निवृत्त व्हायचं ठरवलं. धंदा घ्यायला मी तयार होतो. त्याचीही तीच इच्छा होती. आमचं बहुतेक काम एका विमा कंपनीकडून यायचं. त्यांची अट पडली की नवा मालक, लायसन लागू झालं असतं तर जसा तपासला गेला असता, तसा तपासलेला हवा. मागच्या दहा वर्षांत एकही महिना मोकळा नको.

आणि माझ्या दहा वर्षांत तो बाजार येत होता. म्हातारा वारलेला. कागद नाही. त्या काळात मला ओळखणारं, आज हयात असलेलं आणि सही करू शकणारं एकच माणूस होतं. ते माझ्या समोरच्या टेबलावर बसून माझाच अर्ज खालून वर वाचत होतं.

"मी नाही देऊ शकत," नलूताई म्हणाली.

"म्हणजे काय? मी कुठे होतो ते तुला माहीत नाही? दर रविवारी माझ्याशी भांडून जुडी नेत होतीस!"

"माहीत आहे. पण मी नात्यातली."

"कसलं नातं? तू ठाण्याची कारखानीस, मी मिरजेचा माने."

"ओवाळलंय तुला."

"ते घरी. हे ऑफिस आहे."

"मावसभावाचा रेफरन्स आणला म्हणून किती जणांना परत पाठवलंय मी, तू बघितलंयस. उद्या त्यातल्या एकाने विचारलं, बाई, तुमचा भाऊ बरा चालला, तर मी काय तोंड दाखवू?"

"कोण विचारणार आहे? कोणाला ठाऊक आहे?"

ग्रॅहमला मराठी येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत आमचं भांडण कशावर चाललंय ते त्याला कळायला लागलं होतं. तो खिडकीपाशी उभा होता. हळूच म्हणाला, "तू भाऊ म्हणाली होतीस, नलिनी. कायद्याने, म्हणाली होतीस." आणि बोलल्यावर त्यालाच वाईट वाटलं, कारण हातातलं सँडविच त्याने खाली ठेवलं. तो स्वतः धंदा विकणारा, त्यामुळे त्याचा शब्द चालणार नव्हता. शिवाय बाजारात त्याने मला पाहिलेलंही नव्हतं.

मी सौदा करून बघितला. तो माझा स्वभाव आहे. "बहीण नको लिहूस. गिऱ्हाईक होते असं लिही. ते तर खरं आहे?"

"अर्धं खरं."

"मग अर्ध्यावर तोड."

"कोथिंबीर आहे का ही?"

माझा तोल गेला. म्हणालो, "ठीक आहे. मग ओवाळलंच नव्हतं असं समजा तुम्ही." तुम्ही म्हणालो. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते नाही समजता येत, दत्ता. ते काढलं तर तिथेही मोकळी जागाच राहील. ती मी कशाने भरू?"

त्यानंतर तिने काय केलं तेही सांगतो. कितीतरी रविवार ही बाई दुखरे गुडघे घेऊन बसने बाजार पालथे घालत फिरली. आमचा बाजार उठून तिथे कार पार्क झालं होतं. जुने स्टॉलवाले पांगले होते. शेवटी जवळच्याच स्लाऊ गावच्या बाजारात तिला अंडी विकणारा एक गोरा सापडला. आमच्या शेजारीच उभा असायचा. ऑफिसात येऊन तिनेच मला सांगितलं.

"म्हटलं, इथे एक भारतीय मुलगा भाजी विकायचा, आठवतो का? तर म्हणाला, तो ओरडणारा? अर्थात! अजून कान दुखतात माझे. म्हटलं, त्याचं नाव? तर म्हणतो, नाव कशाला हवं, बाई? त्याला हाक मारायची पाळीच कधी आली नाही, तोच सगळ्यांना मारायचा." ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी हसलो नाही. ज्याला माझं नावच माहीत नाही त्याचा रेफरन्स काय कामाचा? मुदत संपली. धंदा दुसऱ्या गावच्या एका कंपनीने घेतला.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. तिला माहीत होतं. जे माहीत आहे ते लिहायचं होतं. नागपूरच्या परक्या माणसासाठी ती लायब्ररीत गेली आणि माझ्यासाठी तिला नुसतं पेन उचलायचं होतं. मी स्लाऊला जाऊन एका भाड्याच्या टेबलावर स्वतःचा धंदा सुरू केला आणि तो उभा केला. तिच्या सहीवाचून माझं काही अडलं नाही. माझ्याकडे काम मागायला येणाऱ्यांचे अर्ज आता मी वाचतो. खालून वर वाचतो. बोट थांबतं तेव्हा प्रश्न तिच्या आवाजात येतो, त्याला माझा इलाज नाही.

ती निवृत्त होऊन दूर उत्तरेला, लीड्सला गेली. तिथे तिची शाळेपासूनची मैत्रीण होती, शकुंतला. दर भाऊबीजेला तिचा फोन यायचा. मी उचलायचो आणि म्हणायचो, "बोला." ती पलीकडून "अहो-जाहो का? बरं," म्हणायची. जेवलास का विचारायची आणि ठेवायची. मी मुद्दाम त्या दिवशी बाहेरची कामं घेत नसे, हे तिला माहीत असण्याचं कारण नाही.

एका वर्षी फोन वाजला नाही.

माणसं शोधणं हाच माझा धंदा. मी शकुंतलाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलात आहे हो ती. कोणाला कळवू नको म्हणाली. म्हणाली, येणारा येईल." मी गाडी काढली. वाटेत एका दुकानाशी थांबलो.

वॉर्डच्या दारात एक नर्स उभी होती, लीड्सचीच, उंच, लाल केसांची. "फक्त नातेवाईक, लव्ह," ती तिकडच्या सवयीने म्हणाली. "तुम्ही कोण?"

विकणाऱ्याने कधी पहिला आकडा बोलू नये, हा माझा नियम. पण इथे दुसरा काही आकडाच नव्हता. "भाऊ," मी म्हणालो.

तिने माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं. "आडनाव वेगळं आहे."

"असेल! तुमच्याकडे बहिणींची आडनावं लग्नात बदलत नाहीत का? स्लाऊहून आलोय मी! तुमच्या साहेबाला बोलवा!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्स मात्र हसली. "या आत. ती म्हणालीच होती. भाऊ येईल, मोठ्याने ओरडेल, त्याला अडवू नका." माझ्या हातातली जुडी तिने फुलं समजून घेतली आणि पाण्याच्या जगमध्ये घालून खाटेशेजारी ठेवली.

नलूताई अर्धी झाली होती. चष्मा नव्हता. आधी तिने जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "केवढ्याला घेतलीस?" म्हणाली. मी सांगितलं. "फसलास," म्हणाली. मग डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोपली. तेवढ्यात तेच, साखर किती विचारावी तशा आवाजात, "आणि मधल्या काळात कुठे होतास?"

मी लोकांना कितीतरी वेळा हा प्रश्न विचारलाय. त्या दिवशी उत्तर द्यायची पाळी माझी होती.

"भांडत होतो," मी म्हणालो.

"कोणाशी?"

"तुझ्याशीच. मनातल्या मनात. रोज."

"रोज? मधे एकही दिवस मोकळा नाही?"

"एकही नाही."

"हं," ती म्हणाली. "याला रेफरन्स कोण देईल?"

"तूच दे. तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

तिचा हात चादरीवरून सरकत माझ्या मनगटापर्यंत आला आणि बोट तिथे थांबलं. "मी कशी देणार?" ती म्हणाली. "मी नात्यातली."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. लायसनचा कायदा आमच्या धंद्याला अजून लागू झालेला नाही. पुढच्या वर्षी होईल म्हणतात. होईल तेव्हा मलाही अर्ज भरावा लागेल आणि कोणीतरी तो वाचेल. बाकी सगळ्या तारखा मी जुळवून ठेवल्या आहेत. दर भाऊबीजेला बाजारातून एक जुडी आणतो आणि स्वयंपाकघरात पाण्यात घालून ठेवतो. बायको म्हणते, अहो, कोथिंबीर कोणी अशी ठेवतं का? जुडी आणताना मी हल्ली घासाघीसही करत नाही. सांगेल तो भाव देतो, आणि फसतो.